क्रॅनमिअरच्या वाटेवर

साल १८५४. उन्हाळ्याचे दिवस आहेत, तरी सकाळचा गारवा हाताला झोंबतोय. नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन काउंटीत, चॅगफर्ड गावात तुम्ही उभे आहात. एक्सेटरला रेल्वे येऊन दहा वर्षं झाली, पण त्यापुढे घोडागाडीच. कालच्या धक्क्यांनी कंबर अजून दुखतेय. समोर जेम्स पेरट. चाळिशीच्या आसपासचा गडी. परगावच्या पाहुण्यांना डार्टमूरचा माळ दाखवायचा, ओढ्यातले ट्राउट मासे धरायला न्यायचं, हा त्याचा धंदा. तो तुमच्या बुटांकडे बघतो, मग आभाळाकडे, आणि काही न बोलता चालू लागतो.

दगडी बांधांची शेतं मागे पडतात आणि माळ सुरू होतो. हे ग्रॅनाइटचं उंच पठार. टेकड्यांच्या माथ्यांवर उघड्या खडकांचे ढीग, इथली माणसं त्यांना टॉर म्हणतात. सूर्य पाठीशी आहे, कारण तुम्हाला जवळपास सरळ पश्चिमेला जायचंय. नकाशावर हे अंतर दहाएक किलोमीटर भरेल, पण सरळ चालू देईल तो डार्टमूर कसला! पायाखाली पीट आहे, हजारो वर्षं कुजत आणि दबत गेलेल्या शेवाळाचा, गवताचा काळा थर. पावसाने तो जागोजागी चिरलाय. चरात उतरायचं, चिखल चुकवायचा, पलीकडे चढायचं, की पुढचा चर हजर. पेरट गवताच्या झुपक्यांवर पाय देत जातो आणि तुम्ही त्याच्या पावलावर पाऊल टाकता. धुकं उतरलं तर? तुम्ही विचारता. तो खांदे उडवतो. त्याला ही वाट डोळे मिटूनही सापडते.

क्रॅनमिअरला तळं आहे असं ऐकून तुम्ही आलात. समोर आहे तो पीटमधला एक खळगा. पेरट तुम्हाला त्याची कथा सांगतो. ओकहॅम्प्टनचा बेंजी गिअर नावाचा नगराध्यक्ष मेल्यावर भूत होऊन लोकांना छळू लागला. त्याला शिक्षा मिळाली, चाळणीने हे तळं उपसायचं. भूत पक्कं बेरकी. त्याने मेंढीचं कातडं मिळवलं, चाळणीला आतून लावलं आणि तळं इतक्या झपाट्याने उपसलं की खाली ओकहॅम्प्टन गाव बुडायची वेळ आली. कथा संपेपर्यंत पेरटने झोळीतून काचेची बाटली काढलेली असते. दगडांची एक छोटी रास रचून तो ती आत ठेवतो. मग तुमच्याकडे बघतो. तुम्हाला कळतं. खिशातलं नावाचं कार्ड काढून तुम्ही बाटलीत सरकवता.

एवढंच. इनाम नाही, बक्षीस नाही. तुमच्यामागून जो कोणी हा चिखल तुडवत येईल, तो तुमचं नाव वाचेल आणि आपलं ठेवून जाईल. डबे लपवून शोधण्याच्या या छंदाच्या जन्माचं मला कौतुक वाटतं ते यासाठी. आलेल्या माणसाने इथून काही न्यायचं नाही, काहीतरी ठेवून जायचं, ही रीत पहिल्याच दिवशी पडली.

आता पन्नास वर्षं पुढे या. १९०५. ब्रिटनच्या टपाल खात्याने १८७० मध्ये अर्ध्या पेनीचं पोस्टकार्ड काढलं आणि क्रॅनमिअरच्या बाटलीचा नूरच पालटला. बाटली गेली, डबा आला, आणि यंदाच्या एप्रिलपासून सह्यांची वहीही. तुम्ही घरचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं कार्ड डब्यात टाकता आणि आधीच्या माणसाने टाकलेलं उचलून खिशात घालता. ते तुम्ही आपल्या गावी जाऊन पेटीत टाकायचं. तुमचं कार्ड कधी येईल? पुढचा माणूस चढेल तेव्हा. उद्या, नाहीतर पुढल्या महिन्यात. ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही, अशा कोणाच्या तरी हातून तुमचं कार्ड तुमच्या दारात येतं आणि त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून कळतं, पाहुणा कुठला होता.

१९०७ मध्ये डब्यात रबरी शिक्का येतो आणि खेळाला त्याचं आजचं रूप मिळू लागतं. १९०९ मध्ये विल्यम क्रॉसिंग आपलं डार्टमूरचं मार्गदर्शक पुस्तक काढतो. माळाचा इंच न् इंच पायाखाली घातलेला हा लेखक. १९३७ मध्ये ‘वेस्टर्न मॉर्निंग न्यूज’च्या वाचकांच्या वर्गणीतून क्रॅनमिअरला दगडी पेटी उभी राहते. पुढच्याच वर्षी क्रॉसिंगच्या स्मरणार्थ दक्षिण भागात डक्स पूलला आणखी एक. पेट्या वाढतात, पण रमतगमत: १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या पंधराच्या आसपासच असतात. मग जागा दाखवणारा नकाशा छापला जातो आणि लोक आपापले डबे लपवू लागतात. शंभर डबे शोधणाऱ्यांसाठी ‘१०० क्लब’ निघतो. शंभर झाले की पाठपिशवीवर शिवायला बिल्ला मिळतो आणि सभासदांसाठी डब्यांच्या खुणांची यादीही असते.

इथे जरा थांबा. साल १९८५ धरा, शाळेच्या सुट्टीतला दिवस, आणि या वेळी एकटे येऊ नका. मुलांना घ्या, आजोबांना घ्या, आत्या आणि तिचे यजमान, शेजारचं कुटुंबही. जितकी माणसं, तितकी कामं निघतात.

हातात कागदाची चिठ्ठी आहे. त्यावर डब्याची खूण: अमुक टॉरचं टोक इतक्या अंशांवर, चर्चचा मनोरा तितक्या अंशांवर, तिथून उतारावर वीस पावलं, गवताखालचा सपाट दगड. होकायंत्र आजोबांकडे. ते मनोऱ्याचा कोन घेतात, आत्या टॉरचा. आत्याचा आकडा चिठ्ठीशी जुळतो, आजोबांचा चार अंशांनी कमी भरतो. “अजून डावीकडे सरकायला हवं,” आत्या म्हणते. सगळी वरात डावीकडे सरकते. दोन्ही आकडे एकाच जागी जुळायला हवेत, कारण दोन दिशांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच तुम्हाला उभं राहायचंय. जिला वर्गात भूमिती कंटाळवाणी वाटते, ती तुमची मुलगी आता आजोबांच्या कोपराशी उभी राहून आकडे मोठ्याने वाचतेय.

जुळलं! आता वीस पावलं. पण कोणाची? चिठ्ठी लिहिणाऱ्याची ढांग किती लांब, हे कोणालाच ठाऊक नाही. धाकटा आपली वीस मोजून मधेच थांबतो, आत्याचे यजमान त्यांची मोजून थेट ओढ्यापाशी. त्या दोघांच्या मधला प्रत्येक दगड आता संशयित. दगडाखाली हात घालण्याआधी काठी फिरवायची, ही इथली शिस्त; ऊन खायला आलेला ॲडर असू शकतो. ब्रिटनमधला हा एकमेव विषारी साप, आपल्या फुरशाच्या कुळातला.

“आजोबा, इकडे या ना लवकर!”

काळा प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला चिकटपट्टी. आत दोन पिशव्यांत गुंडाळलेली वही आणि एक शिक्का. शिक्का हातात घेऊन नीट बघा. आगपेटीएवढा लाकडाचा ठोकळा, त्यावर रबर चिकटवलेलं आणि त्यात कोणीतरी पात्याने कोरलेला डार्टमूरचा तट्टू. वाऱ्याने उडालेली आयाळ एकेक रेघ काढून कोरलीय. एका पायाशी पातं जरा घसरलंय, तिथे खूर तुटल्यासारखा दिसतो. शाईच्या पॅडवर तो हलकेच टेकवायचा. जोरात दाबलात तर रेघांमधल्या खाचा शाईने भरतात आणि आयाळीचा डाग होतो. मग आपल्या वहीवर सरळ दाबायचा, सरळच उचलायचा. तुमच्या वहीत तट्टू उमटला. आता डब्यातल्या वहीत तुमच्या कुटुंबाचा शिक्का, जो तुम्ही खोडरबरावर घरी कोरून आणलाय, आणि खाली तारीख. तुमच्या आधी कोण येऊन गेलं तेही वाचा. प्लिमथचं एखादं कुटुंब, एखादं नवविवाहित जोडपं, पावसाने शाई फुटलेलं एखादं नाव.

दुसरा गट जवळून जात असेल तर डबा उघडायचं थांबायचं, म्हणजे त्यांची शोधायची मजा जात नाही. दगड फोडायचा नाही, गवत उपटायचं नाही. जुने बांध, दगडांच्या राशी, प्राचीन अवशेष यांत डबा ठेवायचा नाही. हे नियम डार्टमूर नॅशनल पार्कचे, पण पाळणारे मनापासून पाळतात. वर्षातून दोनदा, घड्याळं पुढेमागे होतात त्या रविवारी, हे लोक एकत्र जमतात. वह्या उघडतात, शिक्के दाखवले जातात, नव्या चिठ्ठ्यांची देवघेव होते. तिथे आजोबांना आपल्या वयाचे चार जण भेटतात आणि मुलांना घरी न्यायला उशीर होतो.

१९९८च्या एप्रिलमध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात या खेळावर लेख येतो आणि अमेरिका त्याला उचलून धरते. २००० साली उपग्रहांच्या आधाराने खेळायचा जिओकॅशिंगचा खेळ निघतो. तोही मजेचा आहे. पण यंत्र नेमक्या जागी नेऊन उभं करतं, तेव्हा आजोबांना आणि धाकट्याला करण्यासारखं फारसं उरत नाही. घरच्या माणसांबरोबर जायचं असेल तर मी होकायंत्र आणि कोरलेला शिक्काच घेईन.

आज ब्रिटनमध्ये अनेक मराठी कुटुंबं राहतात. तुम्ही त्यांतले असाल तर येत्या सुट्टीत डार्टमूरला जा. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २८ क्रमांकाचा नकाशा घ्या. क्रॅनमिअर लष्कराच्या गोळीबाराच्या हद्दीत येतं, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाच्या वेळा तपासा. लाल निशाण दिसलं तर पुढे जाऊ नका. महाराष्ट्रात खेळायचं असेल तर गडकिल्ल्यांवर डबे लपवू नका. स्वतःचं शेत, सोसायटीची बाग, परवानगी मिळाली तर शाळेचं आवार पुरतं. एक खोडरबर, एक पातं, एक वही, एवढ्यावर सुरुवात होते. मुलांना कोरायला द्या, पातं मात्र तुमच्या देखत. आणि डबा सापडला की झाकण घट्ट लावून, होता त्याच जागी, होता तसाच परत ठेवा.