बंपर फुटला, क्लेम करायचा का? आधी हा हिशोब बघा

पार्किंगमध्ये गाडी खांबाला घासली, बंपर फुटला. विमा आहेच, मग क्लेम का करू नये? कारण 'नो क्लेम बोनस' जातो आणि पुढचा हप्ता वाढतो.

क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर 20 टक्के सूट मिळते. पुढे दरवर्षी 25, 35, 45 आणि सलग पाच वर्षांनंतर 50 टक्के. सूट फक्त 'ओन डॅमेज'च्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या नाही. एक क्लेम केला की सूट शून्य.

समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता 10,000 रुपये आहे आणि सूट 50 टक्के, म्हणजे तुम्ही 5,000 भरता. क्लेमनंतर पूर्ण 10,000, मग 8,000, 7,500, 6,500, 5,500. मूळ हप्ता तोच राहिला आणि पुन्हा क्लेम केला नाही, तरी पाच वर्षांत 12,500 रुपये जादा गेले. बंपरचं बिल 6,000 असेल तर त्यातलेही 1,000 आपल्याच खिशातून, 1500 सीसीवरच्या गाडीला 2,000. मिळाले जेमतेम 5,000! गॅरेजवाला म्हणेल, 'क्लेम टाका ना.' त्याचं काय जातंय?

'एनसीबी प्रोटेक्ट' घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या अटी पॉलिसीत वाचून घ्या.

मात्र कुणाला लागलं असेल, तर हा हिशोब करत बसू नका. जखमीला आधी दवाखान्यात न्या, पोलिसांना आणि कंपनीला लगेच कळवा.

कंपनी बदलताना जुना क्लेम लपवून सूट घेऊ नका. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते, आणि मोठ्या अपघाताच्या वेळी क्लेम अडकतो.