कोर्टाची पायरी

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडे जुनीं माणसें सांगत आलीं. पायरी चढणाराची काळजी वाहणाऱ्या त्या म्हणीला पायरी उतरून येणारा वकील मात्र कधीं दिसला नाहीं. गेल्या तीस वर्षांत घरोघर जें न्यायालय पाहिलें गेलें, तें बहुतांशीं या उतरून येणाऱ्या वकिलाच्या मुखानें. आंत कॅमेऱ्याला मनाई. तेव्हां संध्याकाळीं दरवाजापाशीं येऊन जो बोले, तोच खटला, असें होऊन बसलें. महाराष्ट्रांत हें स्थान सर्वांत अधिक काळ ज्यांच्या वांट्यास आलें, त्या रा. उज्ज्वल निकम यांच्या कारकीर्दीचा विचार आम्ही येथें करणार आहों. आम्ही इतिहासाचे अध्यापक, कायद्याचे पदवीधर नव्हे, हें आधींच सांगून ठेवतों.

आम्ही राहतों तें माहीम या हकीकतीपासून दूर नाहीं. १२ मार्च १९९३ च्या दुपारीं शहरांत जागोजागीं स्फोट होत असतां येथील मच्छीमार वसाहतीवर हातबाँब फेकण्यांत आले. आणि कटाचा सूत्रधार टायगर मेमन याचें कुटुंब जींत राहत होतें, ती अल-हुसैनी इमारतहि माहीमचीच. त्या दिवशीं शहरांत २५७ माणसें मेलीं. खटला आर्थर रोडच्या तुरुंगांतील खास न्यायालयांत १९९५ सालीं उभा राहिला, आणि सरकारची बाजू मांडण्यास जळगांवहून एक चाळिशीचे वकील आले. वडील न्यायाच्या क्षेत्रांतले, शिक्षण जळगांवांत, वकिलीहि तेथेंच. मुंबईंत ते नवखेच होते.

यानंतरचीं बारा वर्षें या गृहस्थांनीं जें केलें, त्याचें मोल लोकांच्या ध्यानांत फारसें नाहीं. कारण तें चित्रांत दाखविण्यासारखें नव्हतें. सहाशेंहून अधिक साक्षीदार, हजारों पृष्ठांचा पुरावा, आणि आरोपी १२३. कोणी बाँब ठेवला, कोणी किनाऱ्यावर माल उतरविला, कोणी केवळ शस्त्र बाळगलें, असे निरनिराळे धागे एका कटांत गुंफून दाखवावयाचे. न्यायाधीश कोदे यांनीं सप्टेंबर २००६ पासून निकाल देण्यास आरंभ केला. १०० जण दोषी ठरले, २३ सुटले. बारा जणांना फांशी झाली, परंतु २०१३ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांपैकीं एकट्या याकूब मेमनचीच फांशी कायम ठेवली. एवढें ओझें बारा वर्षें वाहणें हें सामान्य काम नव्हे. रा. निकमांचा खरा पराक्रम आम्ही येथें मानतों.

परंतु कीर्ति आली ती दुसऱ्याच वाटेनें. त्या आरोपींत एक सिनेनटहि होता. खाजगी वाहिन्या देशांत नुकत्याच रुजत होत्या. आर्थर रोडच्या फाटकाबाहेर कॅमेऱ्यांची रांग लागूं लागली. त्याच १९९५ सालीं अमेरिकेंत ओ. जे. सिम्प्सन या खेळाडूचा खुनाचा खटला न्यायालयांतूनच सर्व देशानें पाहिला. त्यानें तेथें न्याय अधिक चांगला झाला, असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि प्रेक्षकाला साक्ष आणि उलटतपासणी दोन्ही दिसत होतीं. आमच्याकडे दिसत होता तो एका पक्षानें केलेला सारांश. गोटीबंद शब्द, नाट्याची जाण, चपखल वाक्यें या गुणांमुळें रा. निकम तो सारांश इतका उत्तम करीत, कीं बचावाच्या वकिलाला विचारण्याचें कोणाच्या मनांतच येईना.

वकिलांच्या आचारधर्मासंबंधीं बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम आहेत. त्यांतील एक असा, कीं फौजदारी खटला सरकारतर्फे चालविणारानें तो अशा रीतीनें चालवावा, कीं निरपराध्याला शिक्षा होऊं नये. आरोपीला उपकारक असा पुरावा त्यानें दडपूं नये. दुसरा, छत्तिसावा, जाहिरातबाजी रोखणारा आहे: स्वतः चालवीत असलेल्या खटल्यांबाबत वृत्तपत्रांतून मजकूर घडवून आणूं नये, छायाचित्रें छापवूं नयेत. फाटकाबाहेरील बातचितीस हा दुसरा नियम कितपत लागू पडतो, तो वाद आम्ही वकिलांवर सोडतों. पहिल्या नियमाचा आशय मात्र कोणाहि नागरिकाला कळण्याजोगा आहे. सरकारी वकील हा सूड घेणाऱ्याचा मुखत्यार नव्हे.

२००८ च्या नोव्हेंबरांतील हल्ल्यांत १६६ माणसें मारलीं गेलीं, आणि हल्लेखोरांपैकीं अजमल कसाब हा एकटा, तुकाराम ओंबळे यांच्या प्राणांच्या मोलानें, गिरगांव चौपाटीपाशीं जिवंत हातीं लागला. खटला एप्रिल २००९ मध्यें सुरू झाला. कसाबसाठीं प्रथम ज्या वकीलबाई नेमल्या गेल्या, त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. सरकारी वकिलापुढें तेव्हां कॅमेरे उभे होते. हा फरक ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पुरावा इतका भक्कम होता, कीं क्वचितच असेल: स्थानकांत बंदूक घेऊन फिरणाऱ्या कसाबचीं वृत्तपत्र-छायाचित्रकारांनीं टिपलेलीं चित्रें, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षी, त्यांत पायाला गोळी लागलेली एक लहान मुलगी. ३ मे २०१० रोजीं न्यायाधीश ताहिलियानी यांनीं कसाबला दोषी ठरविलें, आणि त्याच दिवशीं, त्याच निकालांत, इतर दोघां भारतीय आरोपींना निर्दोष सोडलें. वरचीं दोन्ही न्यायालयें त्यांच्या सुटकेशीं सहमत झालीं. फाटकाबाहेरच्या तिन्हीसांजांना हे दोघे कोणाच्या फारसे आठवणींत नव्हते.

आणि याच खटल्यांत ती बिर्याणी आली. २००९ सालीं देशभर गाजलें, कीं कैदी कसाब तुरुंगांत मटण-बिर्याणी मागतो. लोक संतापले. पुढें ही बिर्याणी राजकीय सभांतून तत्कालीन सरकारवर फेकली जाऊं लागली. कसाबला नोव्हेंबर २०१२ मध्यें फांशी झाली. आणि मार्च २०१५ मध्यें जयपूर येथें एका परिषदेच्या वेळीं रा. निकमांनीं आपण होऊन सांगितलें, कीं कसाबनें बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीहि नव्हती. रक्षाबंधनाच्या दिवशीं त्याच्या डोळ्यांत पाणी आल्याची चर्चा वाहिन्यांवर सुरू झाली, सहानुभूतीची लाट उठूं पाहत होती, ती मोडण्यासाठीं ही गोष्ट आपण रचली.

कबुलीचें धैर्य आम्ही नाकारीत नाहीं. न सांगते तर कोणास कळलेंहि नसतें. परंतु या लाटेची भीति कोणाला होती? १९५९ च्या नानावटी खटल्यांत ज्यूरी होती. वृत्तपत्रांनीं, विशेषतः ‘ब्लिट्झ’नें, नौदलाच्या त्या अधिकाऱ्यासाठीं रान उठविलें, आठ विरुद्ध एक मतानें ज्यूरीनें त्याला निर्दोष म्हटलें, आणि न्यायाधीशांना प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावें लागलें. तेथें लोकांच्या अश्रूंना मत होतें. कसाबच्या खटल्यांत ज्यूरी नव्हती. एक न्यायाधीश होते, आणि ते सायंकाळच्या बातम्यांवरून निकाल देणारे नव्हते. म्हणजे ती थाप ज्या न्यायालयासाठीं मारली, तें न्यायालय आर्थर रोडला नव्हतेंच. तें आमच्या दिवाणखान्यांत होतें. २०१२ च्या निकालपत्रांत सर्वोच्च न्यायालयानें हल्ल्याचें थेट प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले, आणि कसाबची बाजू मांडणारे न्यायमित्र राजू रामचंद्रन यांचें कौतुक केलें.

राजकारणाविषयीं आम्ही थोडक्यांतच लिहितों. वकिलानें निवडणुकीस उभें राहणें यांत गैर कांहींच नाहीं. नानावटी प्रकरणांत मृताच्या बहिणीच्या वतीनें लक्ष ठेवणारे राम जेठमलानी १९७७ सालीं मुंबईंतूनच लोकसभेवर गेले. तथापि जेठमलानी बोलत ते आपल्या अशिलासाठीं. सरकारी वकिलाचें अशील म्हणजे राज्य, आणि राज्य कोण्या एका पक्षाचें नसतें. २०२४ च्या एप्रिलांत भारतीय जनता पक्षानें रा. निकमांना माहीमच्या खाडीपलीकडील उत्तर-मध्य मुंबईंतून उमेदवारी दिली, तीहि पूनम महाजन यांच्या जागीं, ज्यांचे वडील प्रमोद महाजन यांच्या खुनाचा खटला त्यांनींच चालविला होता. सरकारी खटल्यांचे राजीनामे त्यांनीं दिले. वर्षा गायकवाड यांनीं त्यांचा १६,५१४ मतांनीं पराभव केला. जून महिन्यांतच राज्य सरकारनें त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमलें. काँग्रेसनें आक्षेप घेतला. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतु शुद्ध होता कीं नाहीं, याची आम्हांस पर्वा नाहीं. काल एका पक्षाच्या नांवानें मतें मागणारा मनुष्य आज राज्याच्या नांवानें कोणाला फांशी मागूं लागला, तर पिंजऱ्यांतील माणसानें काय समजावें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

जुलै २०२५ च्या दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस राष्ट्रपतींनीं रा. निकमांना राज्यसभेवर नामनियुक्त केलें. त्यानंतर कांहीं दिवसांतच, २१ तारखेस, मुंबई उच्च न्यायालयानें ११ जुलै २००६ च्या रेल्वे-स्फोटांतील बाराहि जणांना निर्दोष ठरविलें. त्या सात स्फोटांपैकीं एक माहीमचा. तो खटला रा. निकमांनीं चालविलेला नव्हता, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. फिर्यादी पक्षाला आरोप सिद्ध करतां आला नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. बारांपैकीं पांचांना खालीं फांशी झाली होती. एक जण २०२१ सालीं कैदेंतच वारला होता. तीन दिवसांनीं सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास मनाई केली, पण सुटलेल्यांना परत बोलाविलें नाहीं. एकोणीस वर्षांपूर्वीं हे लोक पकडले गेले तेव्हां खरे गुन्हेगार सांपडले, असें आम्हीहि याच माहीमच्या घरांत बसून, पडद्याकडे पाहत, म्हटलें होतें.