मोटारीतले वीजघर

गाडी सकाळी सुरू झाली नाही, की पहिला दोष जातो तो बॅटरीवर. मग नवी बॅटरी येते, चार दिवस गाडी धावते, आणि पाचव्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. बिचारी बॅटरी! ती वीज साठवणारी. सतत पुरवठा करणारी नव्हे. रांजण रिकामा दिसला म्हणजे तो फुटकाच असेल असे नाही, विहिरीवरून पाणी येणेच थांबले असेल. मोटारीतली ही विहीर म्हणजे पूर्वीचा डायनामो आणि आताचा आल्टरनेटर. एकाची जागा दुसऱ्याने कशी घेतली हे कळले, की बिघाड कसा ओळखावा हेही बरेचसे कळते. आणि जुन्या यंत्राची परीक्षा नव्याला लावली तर काय अनर्थ होतो, तेही ध्यानात येते.

गोष्ट सुरू होते १८३१ साली, लंडनमध्ये. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांपैकी एक दुसऱ्याजवळ हलत राहिले की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या हिपोलित पिक्सी यांनी दांडा मारून चुंबक फिरवायचे यंत्र केले. पण त्यातून निघणारी वीज एकदा इकडे, एकदा तिकडे अशी दिशा बदलत वाही. लोकांना सवय होती घटातून येणाऱ्या एकाच दिशेच्या प्रवाहाची. त्यांना हा यंत्राचा दोषच वाटला. तेव्हा अँपिअर यांच्या सूचनेवरून पिक्सींनी यंत्राला दिशा पालटणारा एक फिरता जोड बसवला. हेच ते अँपिअर, ज्यांच्या नावाने आपण आजही प्रवाह मोजतो. या जोडाला पुढे कॉम्युटेटर हे नाव मिळाले, आणि सव्वाशे वर्षे त्याने राज्य केले.

शिक्षक मंडळींनी सायकलचा जुना डायनामो वर्गात जरूर उघडून दाखवावा. चाकाला घासून फिरतो तो आतला चुंबक. वेटोळे जागच्या जागी स्थिर. कॉम्युटेटर नाहीच. म्हणजे नाव डायनामो, पण जातकुळी आल्टरनेटरची! पायडल जोरात मारले की दिवा उजळतो, हळू मारले की मंदावतो. एवढे मुलांनी पाहिले तरी पुढचे सारे सोपे जाईल.

मोटारीला प्रथम विजेचे फारसे काम नव्हते. दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत आणि इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. हँडल उलटले की मनगट मोडायचे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर दिला, आणि मोठी बॅटरी व ती भरणारा डायनामो या दोन्हींची गाडीला कायमची गरज लागली.

डायनामो राबला खूप, पण त्याच्या अंगात एक उणेपण होते. त्याची वीज तयार होई फिरत्या भागात, म्हणून सगळाच्या सगळा प्रवाह कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांवर घासणारे कार्बन यांतून बाहेर काढावा लागे. ठिणग्या उडत, कार्बन झिजत. फार वेगाने फिरवावे तर आतली गुंडाळी उसळून बाहेर येण्याची भीती. म्हणून वेग बेताचा, आणि इंजिन मंद चालत असले की चार्जिंग जवळजवळ बंदच. लहान गाड्यांच्या डायनामोची मजल वीस-बावीस अँपिअरपर्यंत. शिवाय तो थांबला की बॅटरीची वीज उलटी त्याच्यात शिरे, ती अडवायला वेगळा कटआउट लागे.

उपाय डोळ्यांसमोर होता, तो पिक्सींच्या यंत्रातच. चुंबक आत फिरवा, वेटोळे बाहेर स्थिर ठेवा. पण निघणारी वीज दिशा बदलणारी, आणि बॅटरीला हवी एका दिशेची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत काही बसगाड्यांत आणि पोलिसांच्या गाड्यांत असे आल्टरनेटर बसले. मात्र वीज एकदिश करण्यासाठी सेलेनियमच्या पत्र्यांची मोठी थप्पी वागवावी लागे. अखेर कोटाच्या गुंडीएवढा सिलिकॉनचा डायोड स्वस्तात मिळू लागला. डायोड म्हणजे विजेचे एकदारी फाटक. जाऊ देते, परत येऊ देत नाही. १९६० साली क्रायस्लर कंपनीच्या व्हॅलियंट गाडीत आल्टरनेटर नेहमीचा भाग म्हणून आला. इंग्लंडात १९६४ च्या जग्वार ई-टाइपला तो मिळाला. आपल्याकडे ॲम्बॅसडर डायनामोवरच लहानाची मोठी झाली. पण १९८३ च्या डिसेंबरात गुडगावहून बाहेर पडलेली मारुती ८०० आल्टरनेटर घेऊनच आली.

आता त्या अनर्थाची गोष्ट. डायनामोच्या काळात मिस्त्री मंडळींची एक सोपी परीक्षा होती. इंजिन चालू ठेवायचे आणि बॅटरीची तार काढायची. इंजिन चालत राहिले तर डायनामो ठीक. डायनामोला हे बहुधा सोसे. आल्टरनेटरला सोसत नाही! बॅटरी ही विजेच्या उसळीला पोटात घेणारी असते. तीच काढली, की दाब क्षणात कित्येक पट चढतो आणि डायोड जळतात. हल्लीच्या गाड्यांत संगणकही जातो. परीक्षा घेता घेता विद्यार्थी दगावायचा. तरीही ही परीक्षा अजून कुठेकुठे चालते. कोणी आपल्या गाडीवर करू लागला तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. बॅटरी उलटी जोडली तरी हीच गत. जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, त्या सवयीनेही पूर्वी पुष्कळ डायोड गेले. आणि गाडीला किंवा ट्रॅक्टरला वेल्डिंग करायचे असेल, तर इंजिन बंद करून आधी बॅटरीच्या आणि आल्टरनेटरच्या तारा सोडवाव्यात.

मग खरी परीक्षा कोणती? पहिली नजर लाल दिव्यावर. किल्ली फिरवताच तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर आनंद मानू नका. पुष्कळ गाड्यांत आल्टरनेटरला जागे करणारी पहिली वीज याच दिव्यातून जाते. दिवा गेला तर चार्जिंगही सुरू होत नाही. विझूनही अंधुक तेवत राहिला, किंवा गाडीच्या रेडिओत इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी कुईकुई ऐकू आली, तर एखादा डायोड गेला असावा. असा फुटका डायोड उभ्या गाडीची बॅटरी रातोरात रिकामी करतो.

इंजिन बंद करून पट्टा बघा. सैल पट्टा किंचाळतो, आणि पुष्कळदा सगळे दुखणे तेवढेच निघते. मग बॅटरीच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावा. भरलेल्या बॅटरीचा दाब गाडी थंड उभी असताना साडेबाराच्या जरा वर असतो. इंजिन चालू झाल्यावर तो साडेतेरा ते साडेचौदा व्हावा, आणि पुढचे दिवे लावले तरी फारसा उतरू नये. साडेबाराच्या आसपासच रेंगाळला तर विहिरीचे पाणी आटले समजा. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. तो बॅटरी उकळवून मारील. चोवीस व्होल्टच्या ट्रकला हे आकडे दुप्पट धरावेत.

रात्री घाटात लाल दिवा लागला तर? आधी काटा पाहा, इंजिन तापते आहे का. कित्येक इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. पट्टा तुटला असेल तर बाजू पाहून थांबायचे, पुढे जायचे नाही. पट्टा शाबूत असेल तर पंखा, रेडिओ, जे नको ते बंद करा, आणि इंजिन मात्र बंद करू नका, कारण ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनाला चालण्यासाठी वीज लागतच नाही, दिव्यांपुरती लागते. पेट्रोलच्या गाडीला आणि नव्या डिझेललाही ती पावलोपावली लागते. बॅटरीतल्या शिल्लकीवर जवळचे गाव गाठायचे.

गॅरेजात गेल्यावर अख्खा आल्टरनेटर बदला असे कोणी म्हणाले, तर आधी तो उघडून बघायला सांगा. पुष्कळ आल्टरनेटरांत कार्बन, बेअरिंग, डायोडची पाटी आणि रेग्युलेटर हे सुटे बदलता येतात. दुरुस्तीनंतर रिकामी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पुरती भरून घ्यावी, आणि मगच गाडीत बसवावी. रिकामी बॅटरी भरण्याचा सगळा भार एकदम पडला, तर नुकताच दुरुस्त झालेला आल्टरनेटर पहिल्याच दिवशी तापतो.