ठिगळांची विद्या

समीक्षेच्या परिभाषेत 'ठिगळ' हा दोषवाचक शब्द आहे. कादंबरीतील एखादा प्रसंग एकजीव झाला नाही की तो 'ठिगळासारखा' वाटतो, असे आपण लिहितो. न पटलेल्या युक्तिवादाच्या 'चिंध्या' करतो. याच्या उलट 'गोधडी' हा शब्द आला की लेखणी हळवी होते आणि आईची माया, आजीची ऊब यांपलीकडे जात नाही. निंदा आणि हळवेपणा या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट निसटून जाते : विटलेल्या कापडातून नवे पांघरूण घडविणे ही शिकावी लागणारी विद्या होती. या विद्येचा इतिहास कसा लिहावा, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

लिखित परंपरेत चिंध्यांना स्थान आहे, पण ते विरक्ताच्या अंगावर. विनयपिटकाच्या महावग्गात कथा येते की, मगधातील बांधबंदिस्त शेते पाहून बुद्धांनी आनंदाला तशा रचनेचे चीवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून ते सिद्ध केले. टाकलेल्या चिंध्यांच्या वस्त्राला तेथे 'पांसुकूल' म्हटले आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात जीर्ण कंथा येते. अगदी अलीकडे गाडगेबाबा (१८७६–१९५६) आपल्या वेषामुळे 'गोधडेबाबा' म्हणून ओळखले गेले. विरक्ताची कंथा ग्रंथांत आणि चरित्रांत राहिली. संसारात शेकडो गोधड्या शिवणाऱ्या बाईचे नाव मात्र कोठे नोंदले गेले नाही.

तिची विद्या कापडाच्या आयुष्याशी बांधलेली होती. लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग काढून दोन्ही टोके जोडायची, याला 'दंड घालणे' म्हणत. दंडाचे लुगडेही जीर्ण झाले की त्याचे दुपटे होई किंवा ते गोधडीत जाई. गोधडीही फाटली की शेवटी पोतेरे. कोणते कापड अजून टाका धरील आणि कोणते केवळ आतल्या थरात घालावे, हे ते दोन्ही हातांनी ताणून ठरवावे लागे. खाली धड कापड, मध्ये विरलेले तुकडे, वर पुन्हा धड कापड, अशी मांडणी जमिनीवर करून कडेने धावदोरा घालायचा आणि ओळीमागून ओळ आत सरकायचे. टाका ताणला तर चुण्या पडतात. सैल राहिला तर पायाच्या बोटांत अडकतो. प्रत्येक ओळीबरोबर कापड हाताने सारखे केले नाही, तर सारा फुगवटा मध्यभागी गोळा होतो. मुलीला आधी सुईत दोरा ओवून देण्याचे काम मिळे, मग एखादी कड. तिचे वाकडे टाके उसवले नाहीत तर ते जाणत्या हाताच्या टाक्यांशेजारीच राहत. शिकण्याची नोंद अशी त्या वस्तूतच उरते.

याच जातीच्या बंगाली कांथेला साहित्यात मानाचे पान मिळाले. जसीमउद्दीन यांच्या 'नक्षी कांथार माठ' (१९२९) या काव्यात नायिका आपली कहाणी कांथेवर शिवते. त्या कांथेवर चित्रे होती, म्हणून तिला 'वाचणारे' भेटले. आपल्या गोधडीवर बहुधा समांतर टाक्यांखेरीज काही नसते, म्हणून ती मुकी ठरली. पण कारवारकडील सिद्दी स्त्रियांची 'कवंदी' पाहावी. तीही कडेपासून आत शिवली जाते आणि तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांचे 'फुला' लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. हेन्री ड्र्यूअल या कला-इतिहासकारांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा तेथे रंगांची निवड आणि शिवणारीची ओळख या गोष्टी बोलू लागल्या. मुकेपणा वस्तूचा असतो की पाहणाऱ्याचा, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

गोधडीचे थर हा कापडाचाही इतिहास आहे. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी गिरणी स्थापन केली. पुढे हातमागाच्या लुगड्याशेजारी गिरणीचे कापड गोधडीत आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या. त्या लवकर विरत नाहीत, घाम शोषत नाहीत, टाक्याखाली निसटतात. जुने कापड मऊ होत जाते, या अनुभवावर उभी असलेली विद्या त्यांच्यापुढे अडखळली. आज शिवणयंत्रावर, कोऱ्या कापडाच्याही गोधड्या होतात आणि पुनर्वापराच्या शिबिरांत टाका शिकविला जातो. टाका तेथे नक्कीच शिकता येतो; कापडाचे उरलेले आयुष्य बोटांनी ओळखणे मात्र तेच लुगडे वर्षानुवर्षे धुतलेल्या हातांना येत होते.

ते हात अजून काही घरांत आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एखादी जुनी गोधडी उलटी करून पाहावी : टाके कोठे बदलतात, म्हणजे हात कोठे बदलले, कोणत्या लुगड्याचा काठ कोठे लावला. आणि शिवणारी हयात असेल तर तिच्या तोंडून ते उतरवून घ्यावे. संहितेतील प्रक्षेप आणि पाठभेद शोधण्याची सवय असलेल्यांना हे काम परके वाटू नये. त्यानंतर 'ठिगळ' हा शब्द समीक्षेत वापरताना आपण थोडे थांबू, एवढी आमची अपेक्षा आहे.