व्हिडिओ कॅसेट घरी डीव्हीडीवर उतरवायच्या असतील तर रेकॉर्डर कसा निवडावा?

लग्न, मुंज, बारसे यांच्या व्हीएचएस कॅसेट आजही अनेक घरांत कपाटावर पडून असतात. व्हीएचएस पद्धत १९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसी कंपनीने बाजारात आणली. चालू स्थितीतले व्हीसीआर दरवर्षी कमी होत आहेत, कारण २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीनेही त्यांचे उत्पादन थांबवले. टेपवरचे चुंबकीय चित्रणही हळूहळू फिके होते. त्यामुळे हे काम जितके लवकर होईल तितके चांगले.

रेकॉर्डरचे प्रकार

डीव्हीडी रेकॉर्डर आता बहुतेक वेळा जुन्या बाजारातच मिळतात. त्यांचे तीन प्रकार आहेत.

- साधा रेकॉर्डर: व्हीसीआर वेगळा असतो आणि तो वायरने जोडावा लागतो. पिवळी वायर चित्रासाठी, तर लाल व पांढरी आवाजासाठी असते. घरात चांगला व्हीसीआर असेल तर हा पुरेसा आहे.
- कॉम्बो: कॅसेट आणि डिस्क एकाच यंत्रात चालतात. वापरायला सर्वांत सोपा. पण एक भाग बिघडला की कॉपी करण्याचे काम अडते.
- हार्ड डिस्क असलेला: चित्रण आधी हार्ड डिस्कवर घेता येते, नको असलेला भाग कापता येतो आणि मग डिस्क तयार करता येते. कॅसेट बऱ्याच असतील तर हाच सोयीचा.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

१. पाल की एनटीएससी: भारतात पाल पद्धत वापरली जाते, तिच्यात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे असतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी असते: ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. अशी कॅसेट असेल तर व्हीसीआर आणि रेकॉर्डर दोन्हींना ही पद्धत चालली पाहिजे.

२. रिमोट: रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क 'फायनलाइझ' करावी लागते. ते न केल्यास डिस्क दुसऱ्या प्लेअरमध्ये सहसा चालत नाही. बऱ्याच यंत्रांत ही सोय फक्त रिमोटवरून मिळते. म्हणून रिमोट नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

३. डिस्कचा प्रकार: डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर हे वेगळे प्रकार आहेत. यंत्राला कोणता चालतो ते पाहून कोऱ्या डिस्क घ्याव्यात. विक्रेत्यासमोरच पाच मिनिटे रेकॉर्ड करून ती डिस्क दुसरीकडे लावून बघावी.

एका डिस्कवर किती तास?

साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असते. एक्सपी मोडमध्ये तिच्यावर सुमारे १ तास, एसपीमध्ये २ तास, एलपीमध्ये ४ तास मावतात. डिस्क वाचवण्यासाठी एलपी निवडला की चित्रातला बारकावा कमी होतो आणि तो नंतर परत आणता येत नाही. तीन तासांची लग्नाची कॅसेट दोन डिस्कवर घेणे केव्हाही बरे.

आधी कॅसेट पाहा

कोकणासारख्या दमट हवेत टेपवर बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरे डाग दिसले तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये. टेप तुटू शकते, शिवाय बुरशी हेडला लागून पुढच्या चांगल्या कॅसेटवरही जाते. अशी कॅसेट साफ करून देणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. सुरुवात कमी महत्त्वाच्या कॅसेटपासून करावी. चांगल्या कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून मग रेकॉर्ड कराव्यात.

डिस्कवरून डिस्क

घरगुती डिस्कची प्रत काढायला रेकॉर्डर लागत नाही. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या संगणकावर डिस्कमधले फोल्डर जसेच्या तसे उतरवले की दर्जा अजिबात घटत नाही. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या कॅसेट आणि डिस्कवर मात्र अनेकदा कॉपीरोधक संरक्षण असते. रेकॉर्डर त्या नोंदवण्यास नकार देतो. हा यंत्राचा बिघाड नव्हे.

डीव्हीडी हा शेवटचा मुक्काम नाही

घरी लिहिलेल्या डिस्कवरचा रासायनिक थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो. त्यामुळे तयार डिस्क हार्ड डिस्कवरही उतरवून ठेवावी आणि एक प्रत दुसऱ्या घरी द्यावी. सगळे नीट दिसते याची खात्री झाली तरी मूळ कॅसेट टाकून देऊ नये. प्रत बिघडली तर पुन्हा त्याच कॅसेटकडे वळावे लागते.