न झालेले गोल

दिवाळीत दादाला भेटायला म्हापशाला गेलो होतो. दादा आता पंच्याऐंशीचा. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, नातवंडांची नावं एकमेकांत मिसळतात. वहिनी चहा करायला आत गेल्या, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "दादा, ब्रह्मानंद आठवतो?"

दादा एकदम ताठ बसला. "डावीकडे झेपावला होता. आणि तू खाली वाकून छत्री शोधत होतास!"

घरातल्या मंडळींना ही गोष्ट माहीत आहे, पण अर्धीच. साल ७८ की ७९. पणजीला कांपालच्या मैदानावर साळगावकर विरुद्ध धेंपो असा सामना होता. अगदी जवळून मारलेला एक चेंडू ब्रह्मानंद शंखवाळकरने बोटांच्या टोकांनी गोलखांबाबाहेर ढकलला. हा प्रसंग मी चाळीसेक वर्षं सांगत आलो आहे. माझ्या वर्गातल्या मुलांनी तर तो कितीदा ऐकला असेल! खरं सांगायचं तर तो मी पाहिलाच नाही. माझी छत्री बाकाखाली पडली होती. गर्दी ओरडली म्हणून मान वर केली, तोवर चेंडू बाहेर गेला होता. पुढचं सगळं दादाने परतीच्या बसमध्ये सांगितलं आणि ते माझं होऊन बसलं. मुलांना जन्मभर "पुरावा काय?" असं विचारणाऱ्या इतिहासाच्या मास्तराने हे आजवर लपवलं होतं. असो.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे फुटबॉल आणला तो फादर विल्यम लायन्स या आयरिश पाद्रीने, १८८३ साली शिवोलीत. गोवा फुटबॉल संघटना १९५९ सालची, म्हणजे पोर्तुगीज असतानाची. मुक्तीनंतर खाणमालकांनी संघ पोसले. साळगावकर, धेंपो, सेझा ही नावं आम्हाला आधी फुटबॉलमुळे ठाऊक झाली आणि खनिजामुळे नंतर. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. भात कापून झालं की शेतात दोन बांबू रोवून गावोगाव सामने सुरू होत. मी बी.ए.ला कोल्हापूरला होतो. तिथेही तालमींच्या संघांसाठी पेठा कशा इरेला पेटतात ते पाहिलं, त्यामुळे परक्या गावी फार परकं वाटलं नाही.

ब्रह्मानंद ताळगावचा, १९५४चा जन्म, माझ्याहून लहान. गोलरक्षक. साळगावकरकडून तो वर्षानुवर्षं खेळला, भारताकडून खेळला, ऐंशीच्या दशकात भारताचा कर्णधारही झाला. एका गोष्टीचा विचार मी अलीकडे फार करतो. गोल करणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी 'नवप्रभा'त किंवा 'गोमन्तक'मध्ये येतं, मिनिटासकट. ते कात्रण टिकतं. गोलरक्षकाने अडवलेला चेंडू मात्र कुठेच नोंदला जात नाही. तो गोल झालाच नाही, मग लिहिणार काय? तो राहतो फक्त पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत. आणि त्यातला एखादा नेमका छत्री शोधत असतो.

संतोष ट्रॉफीचंच बघा. १९८२-८३ साली कोलकात्यात बंगाल आणि गोवा यांच्यात अंतिम सामना झाला. गोल झालाच नाही, ट्रॉफी दोघांना विभागून दिली. बंगालच्या घरात बंगालला गोल करू न देणं ही काय चीज होती, ते त्या काळात फुटबॉल पाहिलेल्यांना विचारा. पुढच्याच वर्षी मद्रासला गोव्याने अंतिम सामन्यात पंजाबला १-० असं हरवलं, आणि सबंध स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. गोलात ब्रह्मानंद. गोवा तेव्हा राज्यसुद्धा नव्हता, दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. राज्याचा दर्जा मिळाला १९८७ साली. त्याआधीच आम्ही देशात पहिले आलो होतो!

राज्य होण्याच्या आधीची ती दोन वर्षं मात्र वाईट गेली. भाषावाद. मी मराठीचा. माझे एक सहकारी मडगावचे, कट्टर कोंकणीवादी. दहा वर्षं एका डब्यातलं खाल्लं होतं, पण ८६च्या पावसाळ्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो. त्यांनी मला काय म्हटलं आणि मी त्यांना काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. माझं वाक्य जास्त कडू होतं, एवढंच कबूल करतो. डिसेंबरात रस्त्यांवर रक्त सांडलं. फेब्रुवारी ८७मध्ये राजभाषा कायदा झाला. शिक्षकखोलीतल्या आमच्या खुर्च्या त्यानंतरही दोन टोकांना होत्या.

एका मधल्या सुट्टीत तिथे कुणीतरी कांपालच्या त्या सामन्याचा विषय काढला. मी माझी (म्हणजे दादाची) गोष्ट सुरू केली, "ब्रह्मानंद असा डावीकडे..." तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "किदें सांगता तूं? उजवे वटेन उडलो तो!"

तेही त्या दिवशी मैदानावर होते. इतक्या महिन्यांत माझ्याशी थेट बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. आम्ही घंटा होईपर्यंत भांडलो. त्यांनी टेबलावर खडूचे तुकडे मांडून दाखवले. मी हटलो नाही. हटणार कसा, मी पाहिलेलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी भांडण पुढे चालू, तिसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यातली सुंगटाची किसमूर माझ्या डब्याच्या झाकणावर. भाषेवर आमचं एकमत आजही नाही.

ब्रह्मानंदला १९९७चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी मिठाई आणली होती. २०२२ साली प्रजासत्ताक दिनाच्या यादीत त्याचं नाव पद्मश्रीसाठी आलं, तेव्हा आम्ही दोघेही निवृत्त. फोन वाजला. नमस्कार नाही, काही नाही. "उजवे वटेन," म्हणाले आणि हसत सुटले. त्या दिवशी छत्रीचं सांगून टाकायचं होतं. नाही सांगितलं.

आता साळगावकर आणि धेंपो यांच्यातल्या सामन्याला ती गर्दी होत नाही. २०१६ साली दोन्ही संघ देशाच्या लीगमधून बाहेर पडले, आणि त्यानंतर मीही मैदानावर फारसा गेलो नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. दादाने बशीत ओतून चहा घेतला, मग दोन्ही हात डावीकडे करून मला पुन्हा एकदा दाखवलं. बशी थोडी सांडली. वहिनी म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी एवढं बोलले."

त्या दिवशी कांपालला असलेलं कुणी हे वाचत असेल तर जरूर कळवा. डावीकडे असो, उजवीकडे असो, मी दादाला वाचून दाखवेन. आणि मडगावला फोन करून छत्रीचं सांगायचं आहे, तेही या आठवड्यात करतो.