कुस्त्यांचा फड आणि त्याचा प्रेक्षक

मराठीत कुस्तीवर जे लेखन आमच्या वाचनात आले, ते बहुतांशी मल्लांविषयीचे आहे. त्यांची चरित्रे, त्यांच्या गाजलेल्या लढती, त्यांच्या खुराकाच्या दंतकथा यांना त्यात भरपूर जागा मिळते. फडाच्या कडेला मांडी घालून बसणाऱ्या हजारो माणसांना मात्र या इतिहासात स्थान नाही. ती गर्दी म्हणून येतात आणि गर्दी म्हणूनच निघून जातात. आमचे म्हणणे असे आहे की आपल्याकडची गावकुस्ती या गर्दीच्या डोळ्यांवर उभी राहिली. कुस्ती झाली की नाही याचा निवाडा पंच देत, पण तो गर्दीसमोर आणि गर्दीला पटेल असाच द्यावा लागे. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत हा निवाडा प्रेक्षकाच्या हातून हळूहळू सुटत गेला. म्हणूनच आजच्या प्रेक्षकाने फडावर जाण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे अगत्याचे झाले आहे. कोल्हापूर-सांगलीच्या कुस्तीविषयी पुष्कळ बोलले गेले आहे, तेव्हा या विवेचनासाठी आम्ही मराठवाड्यातील जालना जिल्हा नजरेसमोर ठेवत आहोत.

प्रथम शब्दांकडे पाहू. मल्ल आणि आखाडा हे शब्द संस्कृताच्या वाटेने आले. कुस्ती, पहिलवान, दंगल, जोर, खुराक हे फारसीतून आले; तालीम हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ शिक्षण. फारसी उस्तादाचा मराठी वस्ताद झाला. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे येथे हे दोन्ही प्रवाह शेजारी-शेजारी वाहिले. देवाच्या यात्रेत कुस्त्या होतात तशा पिराच्या उरुसातही होतात, आणि तालमीच्या कोनाड्यातील मारुतीला नमस्कार करून आलेला मल्ल ज्याच्याशी हात मिळवतो त्याचे नाव कोणत्याही धर्माचे असू शकते. फडावर विचारला जाणारा प्रश्न नावाचा नसतो. पहिलवान कोणत्या तालमीचा आणि कोणत्या वस्तादाचा, एवढेच विचारले जाते.

प्रेक्षकाचा इतिहास राजापासून सुरू होतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ राजाच्या विनोदांची, म्हणजे करमणुकींची नोंद करतो. त्यात मल्लविनोद हे स्वतंत्र प्रकरण आहे आणि मल्लांची प्रतवारीही दिलेली आहे. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठवाड्याला ती परकी नव्हे. या ग्रंथात कुस्ती आहे ती राजाने पाहावी म्हणून. सुमारे आठशे वर्षांनी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या दृष्टीत मोठा पालट घडवला. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि परतल्यावर खासबागेचे मैदान उभारले. १९१२ साली ते खुले झाले. त्याची खुबी उतारात आहे. हौद्यातील लढत सर्वांत मागे बसलेल्या माणसालाही समोरच्याच्या डोक्यावरून दिसते. कुस्ती सामान्य माणसाला नीट दिसली पाहिजे, हा विचार तेथे दगडामातीत बांधला गेला.

गावच्या फडाला असे बांधीव मैदान नसते. शेत नांगरून, ढेकळे फोडून, माती चाळून हौदा तयार केला जातो. तालमीतल्या मातीत ताक, तेल, हळद, कापूरही घालतात. भोवती माणसांचे कडे हीच भिंत. खर्च लोकवर्गणीतून निघतो. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, आणि बलोपासनेचा व मारुतीचा संबंध महाराष्ट्राने त्यांच्या नावाशी जोडला आहे. पण गावकुस्तीला खरा आधार मिळाला तो यात्रेच्या पंचमंडळींचा आणि वर्गणी देणाऱ्या घराघरांचा. येथील प्रेक्षक हाच आश्रयदाता होता. त्यामुळे त्याचे मत विचारात घेणे भागच होते.

अशा फडावर जाणाऱ्याने दुपारीच पोचावे. आरंभी लहान मुलांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर किंवा किरकोळ रकमेवर. मग इनामाचा आकडा चढत जातो आणि दिवस मावळण्याच्या सुमारास मानाची कुस्ती लागते. केवळ तीच पाहायला जाणे म्हणजे ग्रंथाचे शेवटचे पान वाचण्यासारखे आहे. हौद्यात पायताण घालून उतरू नये. तेथे खाली बसावे, उभे राहून मागच्याची दृष्टी अडवू नये. गावच्या फडावर वजनगटांचा काटेकोर हिशेब नसतो. पंचमंडळी दोघांची उंची, अंगलट, तयारी पाहून जोड ठरवतात. जोड विषम वाटली तर प्रेक्षक बोलून दाखवतात आणि पुष्कळदा ती मोडली जाते. प्रेक्षकाचा पहिला अधिकार तो येथे बजावतो. दुसरा अधिकार इनामाचा. आवडत्या मल्लाच्या नावे कुणीही रक्कम वाढवू शकतो, आणि निवेदक ती नावासह पुकारतो.

मग सलामी होते. मल्ल एकमेकांच्या हाताला माती लावतात. त्यात आदर आहेच, शिवाय घामाने निसटणारी पकड टिकावी हा व्यवहारही आहे. यानंतरची खडाखडी नवख्याला कंटाळवाणी वाटते, कारण दोघे नुसते मानेवर हात टाकून रेटारेटी करताना दिसतात. जाणकार तेव्हा हातांकडे पाहत नाही, कमरेकडे आणि पायांकडे पाहतो. कुणाचे वजन पुढच्या पायावर आले, कुणाचा श्वास फुलला, हे तेथे कळते. पुढचा ढाक, कलाजंग, टांग किंवा पट अचानक घडल्यासारखा वाटतो, पण त्याची तयारी या खडाखडीतच झालेली असते. खाली गेलेला मल्ल हरलेला नसतो. घिस्सा लागला तरी तो मान आणि खांदा वाचवत राहतो. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की कुस्ती निकाली झाली, तोपर्यंत नाही.

येथे मातीचे काम नीट ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या भाषेत हरवण्याला पाठीला माती लावणे म्हणतात. तो अलंकार नव्हे, पुरावा आहे. घामेजलेल्या पाठीवर खांद्यांशी लाल माती चिकटली की ती कडेला बसलेल्या शेवटच्या माणसालाही दिसते. पंच चुकला तर पाठ बोलते. शिवाय जुन्या निकाली कुस्तीला घड्याळ नव्हते. एक चीत होईपर्यंत लढत चालायची, नाहीतर पंच ती बरोबरीत सोडवीत. अमेरिकेचा बेसबॉल हा खेळही असाच वेळेच्या बंधनाबाहेर वाढला. ठरलेले गडी बाद होईपर्यंत डाव संपत नसे, आणि प्रेक्षक हातातल्या कागदावर प्रत्येक चेंडूची खूण करीत स्वतःच हिशेब ठेवीत. तेथील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत २०२३ पासून चेंडू टाकण्यापुरते घड्याळ आले, तेव्हा जुन्या रसिकांत मोठी चर्चा झाली. आपल्या कुस्तीत घड्याळ त्याच्या कितीतरी आधी आले, पण त्याने प्रेक्षकाचे काय झाले याची चर्चा फारशी झाली नाही.

जुन्या फडाची आरती ओवाळण्याचा आमचा मानस नाही. त्यात दोष होते. आधी ठरवून खेळलेली नुरा कुस्ती असे. पाठ अर्धीच टेकली की पूर्ण, यावरून मारामाऱ्या होत. वजनगट नसल्याने हलक्या मल्लाची हाडे मोडत. मुलींना हौद्यात उतरणे तर दूरच, कडेला बसणेही अवघड होते. आणि या फडात तयार झालेला मल्ल जगाच्या स्पर्धेत उतरला की अडखळत असे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीची कुस्ती त्यांना अपरिचित होती. तरीही ते सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. गादीचा अभ्यास केल्यावाचून पुढे जाता येणार नाही, हे त्यातून सर्वांना कळून चुकले.

गादीवर प्रेक्षकाला मोजावे लागते. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असतात. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवला की दोन गुण, पाठ धोक्याच्या कोनात वळवली की दोन, मोठी फेक केली की चार किंवा पाच, वर्तुळाबाहेर ढकलले की एक. नुसता बचाव करणाऱ्याला ताकीद मिळते आणि तीस सेकंदांत त्याने गुण मिळवला नाही तर एक गुण समोरच्याला जातो. दहा गुणांची आघाडी झाली की लढत तेथेच संपते. चीतपट केल्यास गुण पाहिले जात नाहीत. हे ठाऊक नसलेल्या माणसाला फलकावरचा आकडा कुठून आला तेच कळत नाही, आणि न कळणाऱ्या निकालावर विश्वास बसत नाही.

या स्थित्यंतराचे दोन टोक जालन्याच्या इतिहासात सापडतात. महाराष्ट्र केसरीचा पहिला मान १९६१ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सांगलीच्या दिनकर दह्यारी यांनी पटकावला. तेव्हा जालना हा त्याच औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये हीच स्पर्धा जालना शहरात भरली. अंतिम लढतीत माती विभागातून आलेल्या बाला रफीक शेखने गादी विभागातून आलेल्या, आदल्या वर्षीच्या विजेत्या अभिजित कटकेला ११-३ अशा गुणांनी हरवले. बाला रफीक शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याकडून खेळला आणि तो हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांचा शिष्य. आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरात निवर्तले होते. मातीच्या मल्लाने केसरीपद मिळवले याचा फडावरच्या लोकांना आनंद झाला यात नवल नाही. पण कुणाच्याही पाठीला माती न लागता ते मिळाले होते. निकाल फलकावर वाचावा लागला.

केवळ माती असली की सारे स्पष्ट होते असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या स्पर्धेत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची लढत माती विभागात झाली, पण मोजणी गुणांची होती. एका टांगेला दिलेल्या चार गुणांवरून महिनाभर वाद चालला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षे यास पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चीत ठरवण्यात आले. खांदे टेकलेच नाहीत असे राक्षेचे म्हणणे होते. प्रकरण पंचांच्या अंगावर जाण्यापर्यंत गेले आणि राक्षेवर तीन वर्षांची बंदी आली. त्या वर्तनाचे समर्थन कुणी करू नये. परंतु लाखो लोक तेच चित्रण पुनःपुन्हा पाहून वेगवेगळे निष्कर्ष काढत होते, हे विसरता येत नाही. गादीवर पाठ स्वच्छच राहते.

आता प्रश्न असा की प्रेक्षकाने जाणते व्हावे तरी कशासाठी? उत्तर मल्लाच्या ताटात आहे. दूध, तूप, बदाम यांचा खुराक शेतकऱ्याच्या घरातून येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने ज्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत जालना जिल्ह्याचे तालुके होते, आणि दोनच महिन्यांनी त्याच जिल्ह्यात महाराष्ट्र केसरी भरली. दुष्काळात घरातले दूध आधी विकले जाते. अशा वर्षी यात्रेतल्या इनामावरच तरुण मल्लाचा पुढचा महिना निभतो. मराठवाड्याची कुस्ती याच वाटेने वर गेली. लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, त्यांच्याच हाताखाली बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे घडला आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची महाराष्ट्र केसरी प्रथमच झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. मुलींच्या कुस्तीला गावच्या फडावर जोड आणि इनाम मिळायचे तर ते देणारा प्रेक्षकच आधी बदलावा लागेल.

तेव्हा जालन्याच्या परिसरात कुठे यात्रेचे मैदान भरले तर वाचकांनी अवश्य जावे, आणि निवेदकाच्या आवाजावर विसंबून राहू नये. जोड बरोबरीची आहे का, हे स्वतः ठरवावे. निकाली कुस्ती असेल तर खांद्यांवर नजर ठेवावी, गुणांची असेल तर मनात गुण मोजावेत. नुरा वाटली तर टाळी वाजवू नये, आणि चांगला लढून हरलेल्यालाही काही द्यावे. पंचांना प्रामाणिक ठेवण्याचे काम नियमांच्या पुस्तकाइतकेच कडेला बसलेल्या माणसांनीही केले आहे. ते काम करणारी माणसे पुढेही बसत राहिली पाहिजेत.